भीमराजच्या कोनशिलेची पाठ

मन्नाएखेळ्ळीच्या हायवेला हैदराबादकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला एक लिंब दिसतो आणि लिंबाखाली भीमराजचं पत्र्याचं शेड. आमच्या भागाचा विकास कुठवर आलाय हे ज्याला बघायचं असेल त्यानं कचेरीत हेलपाटे घालू नयेत, सरळ इथं यावं. आमचा विकास इथं पालथा पडलेला असतो. दवाखाना, बसस्थानक, शीतगृह, साठवण तलाव, सगळे एकावर एक रचलेले, मध्ये पोत्याचे तुकडे घातलेले.

भीमराज कोनशिला कोरतो. पुढारी येतात, दोरी ओढतात, पडदा बाजूला होतो, टाळ्या पडतात, नारळ फुटतो आणि मंडळी जेवायला पळतात. त्या पडद्यामागचा काळा दगड भीमराजचा. बिदरपासून आळंदपर्यंत त्याच्या हातची अक्षरं उभी आहेत. कन्नड, मराठी, इंग्रजी, उर्दू, जी सांगाल ती. नारळ-गुलालाशी त्याचा संबंध नाही. "नारळ फोडणारा येगळा, दगड फोडणारा येगळा," असं म्हणून तो बाजूला बसतो आणि बिडी काढतो. त्याच्या बापानं रस्त्यावर खडी फोडली. मुलानं दगडाशी वैर धरलं नाही, फक्त फोडायच्या ऐवजी त्यावर लिहायला लागला. पोरगी मैत्रेयी कडगंचीच्या विद्यापीठात शिकते आणि बापाच्या ऱ्हस्व-दीर्घावर नजर ठेवते.

आता आमच्याकडं पायाभरणी धूमधडाक्यात होते. पाया तेवढा राहून जातो. सरकार बदलतं. मग चौथऱ्याच्या विटा हळूहळू कुणाच्या तरी गोठ्यात जातात आणि एकटा पडलेला दगड कुणीतरी बैलगाडीत घालून भीमराजकडं आणतो. त्याच्या बदल्यात उंबऱ्याला नाहीतर मोरीला दगड घेऊन जातो. सगळेच आणतात असं नाही. खेळ्ळीतल्या एका बाईनं निवडणुकीत पडलेल्या आमदाराचा दगड धुणं धुवायला ठेवून घेतलाय. म्हणते, "ह्याच्यावर कापडं आपटली की मळ बी निघतो आन जीव बी हलका व्हतो."

तर असा परत आलेला दगड भीमराज पालथा घालतो, पाठीला पॉलिश मारतो आणि नव्या पुढाऱ्याचं नाव तिथं कोरतो. चौथऱ्यात बसवला की पाठ कुणाला दिसते? ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. त्याला, त्याच्या बायकोला म्हणजे पार्वतीबाईंना, आणि शेजारी सिमेंट-लोखंडाचं दुकान घालून बसलेल्या मला.

"दगडाचा काय दोष, तानाजीभाऊ?" तो मला म्हणायचा. "त्यानं कुठं शब्द दिला होता?"

पार्वतीबाईंना मात्र हे पटत नसे. "एक दिवस कुणी मागं जाऊन बघंल, मग कळंल तुमाला."

"पार्वती, पुढारी कधी मागं वळून बघतेत का? कामून भ्यायलीस?"

पार्वतीबाई कपाळावर हात मारून आत निघून जायच्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात परदेशी कंपनी येणार अशी बातमी आली. कुणी म्हणे हॉलंडची, कुणी म्हणे डेन्मार्कची. आमच्याकडची तूर घ्यायची, तिची पावडर करायची, ती परदेशी पाठवायची आणि तिकडून डब्यात भरून परत आणायची. ती मग आमचीच पोरं जिममध्ये जाऊन दुधातून पिणार. गावाचं म्हणणं एवढंच होतं की वरण करून खाल्लं असतं तर मधला प्रवास वाचला असता. पण प्रगतीला प्रवासाची हौस असते, त्याला आपण काय करणार.

कंपनी आणली गुरुशांतप्पा अण्णांनी. अण्णा आता मंत्री. माणूस मोठा गोड. खांद्यावर हात टाकून बोलणार, तुमच्या म्हशीची सुद्धा नावानं चौकशी करणार. पक्ष त्यांनी बदलले, पण चपलेचा नंबर आणि आवाज तोच ठेवला. एकच नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही, ते म्हणजे श्रीपतरावांचं. श्रीपतराव म्हणजे मागच्या सरकारातले, निवडणुकीत अण्णांना एकदा पाडणारे. एका लग्नात अण्णा जेवायला बसले होते. सहज वर बघितलं तर डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याच्या पात्यावर 'श्रीपतरावांकडून भेट'. अण्णा तसेच उठले. बुंदी ताटात राहिली. पुढं वर्षभर त्या गावचा रस्ता झाला नाही.

कंपनीच्या नकाशात हायवेपासून कारखान्यापर्यंत एक रुंद रस्ता होता. पट्टी ठेवून ओढल्यासारखा सरळ. आणि ती पट्टी नेमकी लिंबावरून गेली होती. सर्वेवाला येऊन बुंध्यावर लाल फुली मारून गेला. शेडची जागा काही भीमराजच्या नावावर नव्हती. बापाच्या काळापासून बसलेत म्हणून बसलेत, एवढाच त्यांचा कागद.

भीमराजचं जेवण तुटलं. छिन्नी हातात घेऊन तो फुलीकडं बघत बसायचा. तेवढ्यात अण्णांची गाडी शेडपुढं थांबली.

"भीमराज, शिला तूच करायचीस. अशी कर की परदेशी माणूस बघत राहिला पायजे."

"करतो की अण्णा. पर ही फुली…"

अण्णांनी खांद्यावर हात टाकला. "शिला चांगली झाली की रस्त्याचं मी बघतो. जरा वाकवा म्हनतो. कंपनीचे हेन्रिकसाब माझ्या शब्दाबाहेर न्हाईत आन मी त्येंच्या शब्दाबाहेर न्हाई."

"मग रस्ता कुनाच्या शब्दात हाय, अण्णा?"

अण्णा खो खो हसले आणि चहा न संपवता गेले.

भीमराजनं ढिगाजवळचाच एक रुंद, काळाभोर, पालथा पडलेला दगड धरला. असा दगड हलवायला माणसं लागतात. म्हणून जागच्या जागी पॉलिश, जागच्या जागी कोरणं. खालच्या अंगाला पूर्वीचं काय आहे हे बघायची त्याला गरज वाटली नाही. कधीच वाटत नसे. कंपनीचं बोधचिन्ह गोलात तीन पानं. आम्ही त्याला बेलच म्हणायचो. ते कोरताना तो मध्येच थांबला.

"तानाजीभाऊ, हात आपोआप वळायलाय की. हे पान म्या पयलं कधीतरी काढल्यावानी वाटायलंय."

"बिस्किटाच्या पुड्यावर बघितलं असशील."

"व्हय, तसंच असंल," म्हणाला आणि पुढं कोरत राहिला.

शिला देखणी झाली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बेंगळुरूचा ट्रक येऊन ती घेऊन गेला. भीमराजनं धुवट सदरा काढून ठेवला.

सकाळी आम्ही रानात पोचलो आणि माझ्या शेजारी चालणारा भीमराज एकदम उभा राहिला. चौथरा नव्हता. भिंत नव्हती. तुरीच्या मोकळ्या वावरात मधोमध एक चकचकीत लोखंडी चौकट, तिच्यात शिला उभी, वरून मखमलीचा अभ्रा उशीला घालावा तसा चढवलेला. आणि खुर्च्या? गोल. चहूबाजूंनी.

कानात यंत्र घातलेली एक चुणचुणीत मुलगी सगळ्यांना कामाला लावत होती. नाव विजयश्री. भीमराज तिच्याकडं गेला.

"ताई, हिच्या मागं भिंत न्हाई का घालायची?"

"भिंत कशाला काका? आपल्या कार्यक्रमाची कल्पनाच पारदर्शकता आहे. सगळ्यांना सगळीकडून दिसलं पाहिजे. भिंती पाडायच्या आहेत आपल्याला!"

"पाडा की. पर आधी एक बांधा तर."

ती हसली. "आणि काका, मागची बाजू पण तुम्ही काय सुरेख केलीय! आम्ही उभी करताना बघितली. आता दोन्हीकडून फोटो घेता येतील."

भीमराजच्या तोंडचं पाणी पळालं. "मागं… नाव कुनाचं हाय, ताई?"

"ते नाही वाचलं. नेत्याचंच असेल ना?" असं म्हणून ती फुलवाल्याला रागवायला गेली.

नेत्याचंच! आम्ही दोघं एका खुर्चीच्या आडोशाला बसून डोकं चालवायला लागलो. शीतगृह कुणाचं? श्रीपतरावांचं. बसस्थानक? श्रीपतरावांचंच. अख्खा ढीगच त्यांच्या अमदानीतला. अभ्रा वर करून बघावं तर चौकटीभोवती पोलीस. लग्नातल्या पंख्यावरच्या नावानं एका गावाचा रस्ता गेला होता. इथं तर रस्ता येणार होता, आणि तो सरळ शेडवरून.

"भाऊ, गेलं शेड," भीमराज म्हणाला.

पार्वतीबाई महिला संघाच्या बायकांबरोबर स्वागताला आल्या होत्या. त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता 'म्या म्हनलं नव्हतं?' होणार. झालंच. पण एकदाच, आणि तेही घाईत. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कंपनीचा लांबलचक 'हार्दिक स्वागत' लिहिलेला कापडी फलक एका खांबावरून उतरवला, चार बायकांच्या हातात दिला आणि सगळ्यांना घेऊन शिलेच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. कापडी का होईना, भिंत झाली.

अण्णा आले. हेन्रिकसाहेब आले. साहेब ताडमाड, उन्हानं टोमॅटोसारखे लाल झालेले, डोक्यावर बिदरी पद्धतीचा फेटा गच्च बांधलेला, आणि सारखे मान डोलवणारे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण हातात हात असे घातलेले की नवरा-नवरीनं शिकावं. एकानं जमीन द्यायची, दुसऱ्यानं कारखाना द्यायचा. एवढ्या देण्याघेण्याला भाषा लागत नसावी.

मागच्या खुर्च्यांवरून ओरडा सुरू झाला.

"ओ अक्का, खाली बसा की! काय बी दिसंना!"

"बसाया येत न्हाई, गुडघं दुखायलेत!" पार्वतीबाई न वळता म्हणाल्या.

"मग फलक तरी खाली घ्या!"

"आन पाव्हन्याचं स्वागत कुनी करावं, तुज्या बापानं?"

अण्णांनी कळ दाबली. अभ्रा दोन्ही कडांनी सुटून गळून पडला. काळ्या शिलेवर सोनेरी अक्षरं उन्हात झळाळली, वर तीन पानं. टाळ्या कडाडल्या. भीमराजनं टाळी वाजवली नाही. त्यानं माझं मनगट धरलं होतं.

इथं संपायला हवं होतं. पुढारी पुढं बघतात, फोटो होतो, जेवण होतं. पण भीमराजच्या हिशेबात पुढारी होते, परदेशी साहेब नव्हता. हेन्रिकसाहेब शिलेजवळ गेले, अक्षरांवरून बोट फिरवलं, कडेवरून हात फिरवला, आणि तसाच हात फिरवत फिरवत सरळ मागं गेले. पार्वतीबाईंनी फलक आणखी ताणला. साहेब वाकून फलकाच्या अलीकडं शिरले.

मग आतून हसण्याचा आवाज आला. साहेब एकटेच हसत होते, आणि फलकाच्या वर काढलेल्या हातानं अण्णांना बोलावत होते. अण्णा गेले. भीमराजनं डोळे मिटले.

मी फलकाकडं बघत होतो. पार्वतीबाईंनी मान वळवली, शिलेच्या पाठीवरचं मराठी वाचलं, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हातातला फलक सोडून म्हणाल्या,

"अगं बया! हे तर अण्णांचंच हाय की!"

फलक खाली आला आणि सगळ्या वावरानं ते वाचलं. 'तूर प्रक्रिया कारखाना. पायाभरणी, ना. गुरुशांतप्पा, राज्यमंत्री, यांच्या शुभहस्ते.' दगड श्रीपतरावांच्याही आधीचा. कंपनीचं नाव वेगळं, पण गोलात तीच तीन पानं. साहेब ज्यावर बोट ठेवून हसत होते ते हेच पान. त्यांच्या कंपनीनं मधल्या काळात नाव बदललं होतं. अण्णांनी मधल्या काळात पक्ष बदलला होता. गाव तेच, तूर तीच, वावरही तेच.

"व्हय की," मागं कुणीतरी म्हणालं, "तवा जिलेबी होती. औंदा निस्ताच शिरा हाय म्हनं."

भीमराजनं डोळे उघडले. श्रीपतरावांचं नाव नाही म्हणून त्याचा एक श्वास सुटला, आणि लगेच दुसरा अडकला. कारण अण्णांचा चेहरा उतरला होता. जुना शब्द, न पाळलेला, आणि तोही भर उन्हात सोनेरी अक्षरात! कॅमेरेवाले खुर्च्या ओलांडून धावत सुटले होते.

अण्णांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी अण्णांकडं बघितलं. मी पुष्कळ लग्नं पाहिली, पण एवढ्या थोडक्यात एकमेकांना इतकं समजून घेणारी जोडी पाहिली नाही. साहेब विजयश्रीच्या कानाशी काहीतरी बोलले आणि ती माइकवर आली.

"साहेब म्हणतात, एकाच शिलेचा दोनदा उपयोग केलेला पाहून त्यांना अतिशय आनंद झाला. काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, हेच त्यांच्या कंपनीचं जगभरचं धोरण आहे!"

टाळ्या. तिचा माइक अण्णांनी अलगद घेतला. चेहरा पुन्हा जागेवर आला होता.

"बघा! लोक म्हनतेत पुढारी शब्द विसरतेत. माझा शब्द दगडावर हाय, आन एका अंगानं न्हाई, दोन्ही अंगानं हाय!"

आणखी मोठ्या टाळ्या. तेवढ्यात मागून रामकिशन उठला. म्हातारा, तोंडात दात नाहीत पण शब्दांना धार.

"अण्णा! दगडाला आता तिसरं अंग ऱ्हायलं न्हाई. आता कारखानाच बांधावा लागंल!"

वावर फुटलं हसून. अण्णाही हसले, त्यांना हसावंच लागलं, पण एकदा सुरू झाल्यावर मनापासून हसले. साहेबांना काही कळलं नाही, तरी ते सगळ्यात जास्त हसले.

मग अण्णा गर्दीतून भीमराजपाशी आले. खांद्यावर हात टाकला आणि हळूच विचारलं, "खरं सांग. मागं कुनाचं नाव असंल असं वाटलं होतं तुला?"

भीमराजला खोटं सुचेना. "अण्णा… श्रीपतरावांचं."

अण्णांनी खांद्यावरचा हात काढला. मग अण्णांनी रुमाल काढला आणि हसून हसून डोळे पुसले. "असतं तर लिंबच काय, लिंबाची सावली बी ठिवली नसती!" म्हणाले. हे चेष्टेत म्हणाले, पण भीमराजनं सावली आकसल्यागत पाय एकमेकांजवळ घेतले.

जेवण झालं. शिराच होता. आता घरी जावं तर साहेबांना हा दगड जिथं दुसऱ्यांदा घडला ती जागा बघायची हौस आली. सगळा ताफा लिंबाखाली. साहेबांनी छिन्न्या बघितल्या, पत्रा बघितला, आणि त्यांची नजर पालथ्या दगडांच्या ढिगावर गेली. एक उलटून दाखवा, अशी त्यांनी हातानं खूण केली.

भीमराज झटकन ढिगावर बसला. मीही बसलो. आणि काय सांगू, अण्णाही येऊन आमच्या शेजारी बसले! आम्ही श्रीपतरावांच्या भीतीनं बसलो होतो. अण्णा कशाच्या भीतीनं बसले ते त्यांनाच ठाऊक. साहेबांना वाटलं, आम्ही फोटोला बसलोय. त्यांनी फोटो काढला. नंतर तो कंपनीच्या गुळगुळीत अहवालात छापून आला. त्यात माझा एक डोळा मिटलेला आहे.

उठताना साहेबांना बुंध्यावरची लाल फुली दिसली. हे काय, असं त्यांनी विजयश्रीला विचारलं. तिनं अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "त्येंना सांगा, तुमचाच रस्ता हिच्यावरून जायलाय. पर मी म्हनतो, जरा वाकवावा."

साहेबांनी नकाशा मागवला. गाडीच्या बॉनेटवर पसरला, खिशातलं पेन काढलं आणि त्या सरळ रेघेला लिंबाभोवती एक छोटासा पोक दिला. खाली सही केली. अण्णांनीही केली. भीमराजनं आणि पार्वतीबाईंनी त्या फुलीपायी दिवसचे दिवस ज्या ज्या माणसांच्या पाया पडायचं ठरवलं होतं, त्यातल्या एकाच्याही पाया पडायची गरज उरली नाही. पेनाला वाकायला किती वेळ लागतो!

गाडीत बसताना अण्णांनी काच खाली केली. "भीमराज, पुढच्या टायमाला नवा दगड घे."

"पुढचा टायम हाय का, अण्णा?"

अण्णा नुसते हसले. काच वर गेली.

धुरळा खाली बसला. भीमराज तसाच उभा होता, अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटलेला. पार्वतीबाईंनी घरातून चुन्याचं भांडं आणलं, कुंचला बुडवला आणि लाल फुलीवर असा फासला की लिंबाचाही जीव गुदमरावा. मग नवऱ्याकडं वळल्या.

"आता तरी निजा. किती दिस झालं, पापनीला पापनी लागली न्हाई तुमची."

"रस्ता वाकला, पार्वती."

"कागदावर वाकलाय. व्हायचा हाय अजून."

"न्हाई झाला तर लईच चांगलं," भीमराज म्हणाला आणि तिथंच, ढिगावर आडवा झाला. मी दुकानाचं शटर वर करेपर्यंत त्याचं घोरणं ऐकू यायला लागलं. खाली दवाखाना, बसस्थानक, शीतगृह आणि साठवण तलाव. साऱ्या तालुक्याच्या विकासावर पाठ टेकून गडी दिवस मावळेपर्यंत झोपला.